नळीची वाट: पाण्याच्या वाटेनं कोकणकड्यावर

(या भागाचं शब्दांकन. ऐकताना चालतात पण वाचताना अडतात अशी वाक्यं थोडी नीट केली आहेत, बाकी बोलले तसंच ठेवलंय.)

थंडी पडायला लागली की एक प्रश्न ठरलेला असतो, आणि यंदाही दिवाळीचा फराळ संपायच्या आत तो आलाच. ‘नळीची वाट एका दिवसात होते का?’ छोटं उत्तर, होते. मी तीनदा गेलेय, त्यातल्या दोनदा एका दिवसात. पण एवढंच सांगून मोकळं होणं मला बरोबर वाटत नाही, कारण ज्याला ‘होते’ हेच ऐकायचं असतं तो तेवढं ऐकून सॅक भरायला घेतो. म्हणून आजचा अख्खा भाग या एका वाटेवर. ती कशी तयार झाली, तिथे वेळ का पुरत नाही, आणि नेमक्या कुठल्या जागी उभं राहून ‘पुढे की मागे’ हे ठरवायचं.

ज्यांनी नाव पहिल्यांदाच ऐकलंय त्यांच्यासाठी थोडा भूगोल. हरिश्चंद्रगड अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे जुन्या नगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यात आहे. उंची सुमारे १,४२४ मीटर. पुणे, ठाणे आणि नगर हे तिन्ही जिल्हे या डोंगराच्या आसपास एकमेकांना भिडतात. घाटावरच्या बाजूनं, म्हणजे पाचनईहून किंवा खिरेश्वरकडून तोलार खिंडीतून आलात तर गड दमवतो, पण घाबरवत नाही. पश्चिमेला मात्र डोंगर एकदम संपतो. तिथे कोकणकडा आहे. अर्धवर्तुळाकार, मध्ये आत गेलेला आणि वरच्या ओठाशी पुढे झुकलेला, नागानं फणा काढावा तसा. त्या ओठावर पालथं पडून खाली बघितलं की हजारेक मीटर खाली कोकणातली शेतं दिसतात. त्या शेतांच्या कडेला मुरबाड तालुक्यातला बेलपाडा आहे, आणि बेलपाड्यातून कड्याच्या शेजारच्या अरुंद, उभ्या घळीनं माथ्यावर निघते ती नळीची वाट.

आता ही घळ, नाळ, नळी, काय म्हणायचं ते म्हणा, ही समजून घ्यायची तर एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसवायला हवी. ही वाट माणसांनी पाडलेली नाही.

तुम्ही कल्याणहून माळशेजच्या रस्त्यानं येता तेव्हा बेलपाड्याच्या बरंच अलीकडे वैशाखरे लागतं. तिथून नाणेघाट चढतो. सातवाहनांच्या काळापासूनची व्यापाराची वाट. फरसबंदी आहे, पाण्याची टाकी आहेत, माथ्यावर जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण आहे. लादलेला बैल चढेल असा उतार शोधून, वळणं घेत, माणसांनी ती वाट काढली. खुद्द बेलपाड्यातूनसुद्धा वर जायला साधले घाट आहे, गावकऱ्यांच्या येण्याजाण्याचा. म्हणजे ज्यांना रोज वर जायचं होतं, डोक्यावर ओझं घेऊन जायचं होतं, त्यांनी नाळ टाळली आणि वळसा पत्करला. यातच सगळं आलं. नाळ ही पावसाच्या पाण्याची वाट आहे. पाणी बैलाचा विचार करत नाही, गुडघ्याचाही करत नाही. त्याला फक्त खाली जायचं असतं, सगळ्यात जवळच्या रस्त्यानं.

हे पाणी कशातून वाट काढतं तेही बघू. सह्याद्रीचा हा सगळा भाग ज्वालामुखीच्या लाव्हाचा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा एकदाच नाही, पुन्हा पुन्हा पसरला. एक थर निवला, त्यावर दुसरा आला. पुस्तकांचा गठ्ठा रचावा तसे हे थर एकावर एक आडवे आहेत. पण सगळी पुस्तकं एका जातीची नाहीत. काही थर घट्ट, कठीण, काळ्या कातळाचे. काहींमध्ये वायूचे बुडबुडे अडकून राहिले, ते सच्छिद्र आणि ठिसूळ. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे विटकरी मातीचा पट्टाही दिसतो.

पाणी यावरून पडतं तेव्हा ठिसूळ थर लवकर झिजतो आणि तिरका होतो. कठीण थर तसाच उभा राहतो. म्हणून नाळेत चढताना तुम्हाला एक ताल जाणवतो. उतार, मग भिंत. पुन्हा उतार, पुन्हा भिंत. आपण ज्याला कातळटप्पा किंवा रॉकपॅच म्हणतो तो म्हणजे या गठ्ठ्यातलं एक कठीण पुस्तक, आणि त्याच्या वरचा घसारा म्हणजे कुजलेलं पुस्तक. पावसाळ्यात यातला प्रत्येक कातळटप्पा धबधबा असतो. हे कळलं की जून ते सप्टेंबर या वाटेचं नाव का काढायचं नाही, हे वेगळं सांगावं लागत नाही. ऑक्टोबरमध्येही कातळ ओला आणि शेवाळलेला असू शकतो, त्यामुळे मी नोव्हेंबरचा मध्य उलटल्याशिवाय जात नाही.

नाळा नेमक्या तिथेच का तयार होतात? बऱ्याचदा खडकात आधीच भेग असते. कधी त्या भेगेत नंतरचा लाव्हा उभा घुसून थिजलेला असतो, त्याला भूगर्भवाले डाइक म्हणतात. डाइक आजूबाजूच्या खडकापेक्षा नरम निघाला तर तो झिजून घळ होते. कठीण निघाला तर आजूबाजूचं झिजतं आणि तो भिंतीसारखा उरतो. दुसरा प्रकार बघायचा तर लांब जायला नको, जवळच मोरोशीचा भैरवगड आहे. ती जी सरळसोट पातळ भिंत रस्त्यावरून दिसते, ती अशीच डाइकची.

हिमालयात फिरलेली मंडळी मला विचारतात, ‘तिकडे आम्ही दरीतून दिवसभर चालतो, पंधरा-पंधरा किलोमीटर, मग या पाच-सहा किलोमीटरचं एवढं काय?’ तिकडच्या उंचावरच्या कित्येक दऱ्या हिमनद्यांनी खरवडलेल्या आहेत. तळ रुंद, कडा दूर, मधून नदी, तिच्या काठानं वाट. इथे तळ असा नाहीच. बर्फानं आपली घळ कधी रुंद केलेली नाही, सगळं काम पावसानं केलंय, आणि तेही उंबऱ्यावरून खाली उडी मारणाऱ्या पावसानं. त्यामुळे तुम्ही दरीतून चालत नाही, दरी चढता.

बेलपाड्यातून निघालं की आधी शेतं, मग झाडी, मग ओढ्याचं कोरडं पात्र. पहाटे इथे हेडटॉर्चच्या उजेडात चालताना सगळे ओढे सारखेच दिसतात, आणि या डोंगराला नाळा एकाहून जास्त आहेत. मला वाट माहिती आहे असं वाटत असलं तरी मी गावातला वाटाड्या घेतल्याशिवाय जात नाही. आमचे मामा, म्हणजे नात्यानं कुणी नाहीत, पण तिथे सगळे त्यांना मामाच म्हणतात, ते अंधारात पायाखालच्या दगडावरून सांगतात आपण कुठे आहोत ते. 

दगडांकडे तुम्हीही बघा, त्यात माहिती असते. खालच्या भागात धोंडे मोठे आणि गोल. कडा घासून गेलेल्या. हे पाण्याबरोबर लोळत आलेले, कित्येक पावसाळे बघितलेले दगड. ते बऱ्यापैकी बसलेले असतात, यावरून उड्या मारत जाता येतं. वर जावं तसे दगड लहान आणि धारदार होत जातात, तुटलेली बाजू ताजी, रंगानं फिकट. हे पाण्यानं आणलेले नाहीत, वरून पडलेले आहेत, आणि कदाचित याच वर्षी. फिकट तोंडाचे टोकदार दगड दिसायला लागले की हेल्मेट डोक्यावर हवं आणि गप्पा बंद. हेल्मेट सॅकला लटकवून फोटोत छान दिसतं, एवढाच त्याचा तिथे उपयोग.

दगड पडण्याचा हिशेब साधा आहे. वीस मीटर उंचीवरून मोकळा पडलेला दगड खाली पोचतो तेव्हा त्याचा वेग ताशी सत्तर किलोमीटरच्या आसपास असतो. नाळेत बाजूला सरकायला जागा नसते आणि दगड सरळ येत नाही, दोन्ही भिंतींवर आपटत येतो. त्यामुळे नाळेत चालण्याच्या दोनच पद्धती आहेत. एक तर सगळे एकमेकांच्या अगदी जवळ, म्हणजे पुढच्याच्या पायाखालून दगड सुटला तरी वेग घ्यायच्या आत मागच्यानं हातानं अडवावा इतके जवळ. नाहीतर एकानं चढायचं आणि बाकीच्यांनी भिंतीच्या आडोशाला थांबायचं. मधलं अंतर, दहा-पंधरा मीटर सोडून रमतगमत, हे सगळ्यात वाईट, आणि नेमके आपण सगळे तसेच चालतो. दगड सुटला की ‘दगड!’ म्हणून ओरडायचं. कुणी सोडला याची चर्चा वर पोचल्यावर.

ऊन. मला वाटतं या वाटेवर सगळ्यात कमी बोललं जातं ते उन्हाबद्दल. ही बाजू पश्चिमेला तोंड करून आहे. सूर्य पूर्वेला, म्हणजे डोंगराच्या पाठीमागे उगवतो, त्यामुळे सकाळभर नाळ सावलीत असते. थंड, चालायला मस्त. माणूस म्हणतो, काय छान आहे, जाऊ निवांत. मग दुपार कलते, सूर्य डोंगराच्या माथ्यावरून पलीकडे येतो आणि सरळ नाळेत शिरतो. काळा कातळ तापतो, दोन्ही भिंती ती उष्णता तुमच्यावर फेकतात, वारा आत येत नाही. डिसेंबरातसुद्धा. म्हणजे जी मेहनतीची वेळ आहे ती सकाळची सावली असतानाच खर्च करायची असते, आणि नेमका कठीण भाग वर आहे, जिथे उशीर झालेला गट दुपारी पोचतो.

पाण्याचंही तेच. पाण्याच्याच वाटेवर पाणी नसतं ही गंमत. दिवाळीनंतर नाळेत भरवशाचा झरा धरून चालू नये. मी माणशी पाच लिटर सांगते. पाच लिटर म्हणजे पाच किलो, बरोबर, आणि म्हणून लोक दोन लिटर घेतात. कॅमेरा कमी करा.

आता मूळ प्रश्नाकडे. वेळ किती?

१८९२ साली नाइस्मिथ नावाच्या एका स्कॉटिश गिर्यारोहकानं एक ठोकताळा दिला, तो आजही वापरतात. दर तीन मैल चालीला एक तास धरा, आणि दर दोन हजार फूट चढाला आणखी एक तास. नळीच्या वाटेला लावून बघू. चाल पाच-सहा किलोमीटर, म्हणजे सव्वा तास. चढ साधारण १,१०० मीटर, म्हणजे साडेतीन हजार फुटांच्या वर, त्याचे पावणेदोन तास. झाले तीन. प्रत्यक्षात चांगल्या गटाला बेलपाड्यातून कोकणकड्यावर यायला सात-आठ तास लागतात, मोठ्या गटाला दहासुद्धा. नाइस्मिथचं काही चुकलं नाही. त्यानं पायवाट धरली होती, आणि चालणारा थांबत नाही असं धरलं होतं. नाळेत माणूस थांबतो. बहुतेक वेळ थांबण्यातच जातो.

कसं ते सांगते. एका कातळटप्प्याला दोर लावला. एका माणसाला कमरेला बांधून वर घ्यायला, तो घाबरला नाही तर सात-आठ मिनिटं. आठ माणसं म्हणजे तास झाला. असे तीन-चार टप्पे. म्हणजे तीन-चार तास निव्वळ रांगेत उभं राहण्याचे, आणि हे तास कुठल्याही फिटनेसनं कमी होत नाहीत. रोज दहा किलोमीटर पळणारा माणूसही रांगेत तेवढाच वेळ उभा राहतो. कमी होतात ते फक्त माणसं कमी करून. म्हणून मोठमोठ्या गटांना या वाटेवर नेणाऱ्यांची जाहिरात दिसली की मी आधी माणसं किती ते बघते, मग किंमत. सहा-आठच्या वर नको, आणि सोबत दोर हाताळणारी किमान दोन माणसं हवीत.

डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. अकरा तासांचा दिवस. पहाटे चारला निघालात तर तीन तास अंधाराचे मिळवता येतात, आणि ते खालच्या सोप्या टप्प्यात वापरता येतात. संध्याकाळचा अंधार मात्र वरच्या घसाऱ्यावर गाठतो. दोन्ही अंधार सारखे नाहीत.

आणि आता या भागातलं मुख्य. नाळ चढता येते, पण बऱ्याच जणांना ती उतरता येत नाही. चढताना खोबणी डोळ्यांसमोर असते, हात आधी जातो, मग पाय. उतरताना पाय आंधळा असतो, खोबणी पोटाखाली लपलेली असते. घसाऱ्यावर चढताना आपण दगडांना खाली रेटतो, तरी ते आपल्या मागे राहतात. उतरताना आपण त्यांच्याबरोबर निघतो. आणि दृष्टिभय वेगळंच. चढताना नजर भिंतीवर असते, उतरताना बेलपाड्याच्या घरांवर. त्यामुळे पहिला दोराचा टप्पा चढलात की ती वाट तुमच्यापुरती बंद झाली असं समजायचं. पुढे फक्त वर. मग परतायचा निर्णय घेण्याची खरी जागा कुठली? पहिल्या कातळटप्प्याच्या पायथ्याशी. त्याच्या वर तो निर्णय घेता येत नाही, फक्त त्याचा पश्चात्ताप करता येतो.

म्हणून मी घरून निघतानाच एक वेळ ठरवते. आमची वेळ होती सकाळी दहा. दहापर्यंत पहिल्या टप्प्याखाली सगळे पोचले तर वर, नाहीतर खाली.

दुसऱ्या खेपेला आम्ही आठ जण होतो, शिवाय मामा आणि त्यांचा मुलगा. मैत्रिणीचे काका सोबत होते, साठीला टेकलेले, सह्याद्रीत उभं आयुष्य काढलेले. मला वाटा सांगणाऱ्यांपैकी ते एक. धोंड्यांच्या टप्प्यात त्यांच्या मांडीत गोळे यायला लागले. मीठ-साखरेचं पाणी दिलं, थांबलो, पुन्हा निघालो, पुन्हा गोळा. टप्प्याखाली पोचलो तेव्हा दहा चाळीस झाले होते.

‘चाळीस मिनिटांनी काय होतं?’ काका म्हणाले. ‘तीस वर्षं फिरतोय मी.’

मी हिशेब मांडला, तिथेच दगडावर बसून. टप्पे संपायला अडीच-तीन वाजणार. वरचा घसारा आणि शेवटची भिंत, आणखी दोन तास. म्हणजे पाच. अंधाराला उरतो एक तास, तोही कुणाला काही झालं नाही तर. आणि ज्याच्या मांडीत खालीच गोळे येतायत त्याला तिसऱ्या टप्प्यावर, दोराच्या मध्यावर गोळा आला तर? तिथे माणूस ना वर ओढता येतो ना खाली सोडता येतो पटकन. नाळेत मोबाईलची रेंज धरून चालता येत नाही. कुणी धावत खाली जाऊन कळवणार, मग बचाव पथक येणार. सह्याद्रीत हे काम करणारी बहुतेक माणसं स्वयंसेवक आहेत, नोकरी-धंदा सोडून रात्री निघतात. घोटा मोडलेल्या एका माणसासाठी प्रत्येक टप्प्यावर स्ट्रेचर दोरानं सोडावा लागतो. हे मी काकांना सांगितलं नाही, त्यांना ते माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. 

मामा इतका वेळ बिडी न पेटवता हातात धरून बसले होते. ते म्हणाले, ‘ताई, हितून माघारी वाट हाय. वर नाय.’

मग मी ठरवलं. काका आणि मैत्रीण मामांच्या मुलाबरोबर खाली. दोन माणसं कमी झाली म्हणजे प्रत्येक टप्प्यावर पंधरा मिनिटं वाचली, आणि गोळे येणारं कुणी उरलं नाही. काका काही बोलले नाहीत, त्यांनी नुसता त्यांच्याकडचा जास्तीचा दोर माझ्या सॅकवर ठेवला. दीड वाजता ते बेलपाड्यात मामांच्या घरी भाकरी खात होते. आम्ही सहा जण आणि मामा पावणेपाचला कड्यावर पोचलो. काका पुढचे दोन महिने माझ्याशी नीट बोलत नव्हते. अजून विषय निघाला की म्हणतात, ‘मी चढलो असतो.’ चढले असतेही.

वरच्या भागाचं थोडक्यात सांगते. कातळटप्पे संपले की लोकांना वाटतं झालं. इथून पुढे वाट नाळ सोडून बाजूला वळते, आणि तिथला मुरमाड घसारा आणि वाळलेलं गवत मला कातळापेक्षा जास्त नकोसं वाटतं. कातळावर दोर असतो म्हणून माणूस सावध असतो. गवतावर दोर नसतो, पाय थकलेले असतात, आणि सोनेरी गवताखालचा उतार दिसत नाही. गवताच्या झुबक्याला धरून वर यायचं नाही, ते मुळासकट हातात येतं. हात-पाय मिळून चार आधार, त्यातले तीन कायम टेकलेले, एकच हलवायचा. हा नियम खालच्या कातळावर सगळे पाळतात आणि इथे विसरतात. कड्यांवर आग्या मोहोळं असतात. अत्तर, डिओ, धूर आणि आरडाओरडा, सगळं घरी ठेवा. मामांनी बिडी का पेटवली नव्हती ते आता कळलं असेल.

आणि मग एकदम सपाटी येते. समोर कोकणकडा.

इथे एक गोष्ट सांगायचा मोह होतो. १८३५ साली कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं इथून गोल इंद्रधनुष्य बघितल्याची नोंद केली, आपण त्याला इंद्रवज्र म्हणतो. नाळेतून येणारे पुष्कळ जण ते दिसेल या आशेनं येतात. त्यासाठी सूर्य तुमच्या पाठीशी आणि खाली ढग समोर हवेत, म्हणजे तुमची सावली ढगावर पडते आणि तिच्याभोवती रंगांचं कडं उमटतं. पश्चिमेच्या कड्यावर सूर्य पाठीशी असतो तो सकाळी. तुम्ही पोचणार दुपारी चारला, तोही कोरड्या डिसेंबरात. तेव्हा सूर्यास्त बघा, तो तिथला फार मोठा असतो. दुसरं म्हणजे, कड्यावर खालून येणारा वारा इतका असतो की हलकी वस्तू टाकली की परत वर येते. हा खेळ सगळ्यांना आवडतो. दगड मात्र परत येत नाही. कड्याच्या आसपास वरून काहीही खाली टाकू नका, खाली नाळांमध्ये माणसं असू शकतात.

उतरायचं कुठून? एका दिवसात संपवायचं असेल तर दोन पर्याय. गाडी पाचनईला मागवून ठेवलेली असेल तर देवळावरून पाचनईला उतरा. वाट मळलेली आहे, अंधारात टॉर्चनं उतरता येते, आणि मी दोन्ही वेळा हेच केलं. दुसरा पर्याय साधले घाटानं परत बेलपाड्यात. गाडी खालीच ठेवलेले लोक हा निवडतात. वाट माणसांचीच आहे, पण जंगलातली आणि लांब, आणि दमल्यावर, रात्री, वाटाड्याशिवाय ती घेऊ नये. तुम्ही दुपारी तीनच्या आत माथ्यावर नसाल तर साधले घाट डोक्यातून काढून टाका. आणि यातलं काहीच जमत नसेल तर गडावर मुक्काम करा. हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ आणि केदारेश्वराची लेणी, गार पाण्यातलं ते लिंग आणि चार खांबांपैकी उरलेला एक खांब, हे सकाळच्या उजेडात बघायचं, रात्री टॉर्च मारत पळत नाही.

हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. मुक्कामाचे, शेकोटीचे, प्रवेशाचे नियम बदलत असतात. निघण्याआधी वनखात्याकडे किंवा पाचनईतल्या माणसांकडे चौकशी करून घ्या.

वाटाड्याचे पैसे आदल्या दिवशी ठरवा, आणि परतावं लागलं तरी पूर्ण द्या. काही गट अर्ध्यातून फिरले की अर्धे पैसे देतात. मग पुढच्या वेळी वाटाड्या ‘वर नाय’ म्हणायच्या आधी दोनदा विचार करतो, आणि तुम्हाला ते नको आहे.

तुमच्यापैकी कुणी नाळ चढून गेलं असेल तर पहिल्या टप्प्याखाली किती वाजता होतात, एवढं मला कळवा. पुढच्या भागात माकडनाळ. भेटूच.